दादा नुसता चालतो

रेडिओवरचं आमचं घर खऱ्या घरापेक्षा फार नीटनेटकं आहे. तिथे संडासासमोर रांग लागत नाही. तिथली मुलं गजर व्हायच्या आत उठतात, गणिताचं पुस्तक उघडून 'वा!' म्हणतात आणि देशाचा विषय निघाला की त्यांचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा होतो. त्या घरातली धाकटी मुलगी म्हणजे मी. नाटकातलं नाव चिमणी. खऱ्या घरात आई मला भोंगा म्हणते.

मालिकेचं नाव 'उद्याची मुलं'. रोज संध्याकाळी लागते, तीही थेट, म्हणजे आम्ही तिथे बोलतो आणि त्याच क्षणी सगळा देश ऐकतो. आवडीनंच ऐकतो असं नाही, त्या वेळी दुसरं काही लागतच नाही.

वर्गातल्या चष्मिसनं एकदा मला बाहेरून चोरून आलेली एक कादंबरी दिली होती. आमच्यासारख्याच देशातल्या मुलांची. त्यातली मुलं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुजबुजायची, खिडकीबाहेर बघत बसायची, आणि एकाच्याही नाकावर पुटकुळी नव्हती.

"ही कुठली गं मुलं?" मी म्हटलं. "यांना भूक लागत नाही? चुकून हसू येत नाही?"

"तू गणिताला वा म्हणतेस रोज," चष्मिस म्हणाली. "तू तर बोलूच नकोस."

रेडिओवरची मुलं म्हणजे आम्ही नाही, पुस्तकातलीही नाही. मग आम्ही कोण? मी विचार करायला लागले आणि तेवढ्यात मधली सुट्टी संपली.

मालिकेत मला एक दादा आहे. त्याचं काम करायचा बांबू. ताडमाड उंच, म्हणून बांबू. वयानं माझ्यापेक्षा थोडासाच मोठा, पण आवाज असा की पूल बांधणारा इंजिनिअर वाटावा. मालिकेत तो पूलच बांधायचा. लहानपणी सायकलवरून पडल्यामुळे त्याचा डावा पाय जरा ओढला जायचा, म्हणून त्याच्या आईनं त्याच्या डाव्या बुटाला चांभाराकडून पुढे लोखंडी पट्टी मारून घेतली होती. तो जिन्यातून आला की वरपर्यंत कळायचं. टप्, सर्र. टप्, सर्र.

स्टुडिओत मात्र कुणाच्याच पायाचा आवाज चालत नाही. दाराशी आपापले बूट काढायचे, कापडी सपाता घालायच्या आणि मग आत. चालण्याचे, दाराचे, पाण्याचे असे सगळे आवाज आवाजकाका काढतात. त्यांच्या कोपऱ्यात खडीची परात आहे, पाण्याचा टब आहे, कुठेच न उघडणारं एक दार चौकटीसकट उभं आहे. आईचं चालणं निराळं, बाबांचं निराळं, माझं तर उड्या मारत. दोन्ही हात दोन बुटांत घालून काका फळीवर माणसं चालवतात. लाल दिवा लागला की आम्ही नुसती तोंडं, आणि बाकी सगळं शरीर काकांचं.

एक दिवस तालीम चालू असताना खालून निरोप आला, बांबूला कुणीतरी भेटायला आलंय. तो सपातांतच खाली गेला. जाताना मला म्हणाला, "माझं बिस्किट खाऊ नकोस, भोंग्या." मी खाल्लं. तो परत आलाच नाही.

का, ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणालं, तो चुकीच्या जागी हसला. कुणी म्हणालं, बरोबर जागी हसला नाही. पहारेकरी म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय?" त्यातल्या त्यात हेच उत्तर मला कळलं.

खरी पंचाईत पुढे झाली. आमच्या मालिकेचं लिखाण कित्येक महिने आधी वरून मंजूर होऊन येतं. मंजूर झालेलं पात्र काढायचं तर वर पुन्हा अर्ज करायचा, आणि अर्जात कारण लिहायचं. आता कारण कोण लिहिणार? दुसरा मुलगा घ्यायचा तरी कारण लागतंच. मालिका बसवणाऱ्या बाई दिवसभर डोकं धरून बसल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "दादा आहे. फक्त बोलत नाही."

"म्हणजे?" आम्ही सगळे.

"म्हणजे येतो, बसतो, जेवतो, जातो. काका, त्याचे बूट दारातच आहेत ना?"

होते. काकांनी त्यात हात घातले, फळीवर ठेवले, आणि टप्, सर्र. मी खरंच दाराकडे बघितलं.

पहिल्या दिवशी तो आला, खुर्ची सरकली, आणि त्याची ओळ जिथे असायची तिथे नुसतं भोक. नाटकातली आई माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दादा, मान काय डोलावतोस नुसती, बोल की!"

बाईंनी काचेपलीकडून अंगठा वर केला. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्या पोरी एकमेकींना तेच म्हणत होत्या. फळ्यासमोर गप्प उभ्या राहिलेल्या मुलीला आमच्या गणिताच्या सरांनीसुद्धा विचारलं, "मान काय डोलावतेस?" मी जिना चढताना लहान मुली बाजूला व्हायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मला फार म्हणजे फारच आवडलं. त्याआधी मी साध्या हजेरीला 'हजर' म्हणतानाही अडखळायची. आता बाई माझ्यासाठी रोज तसं एक वाक्य घालायच्या; अर्ज पात्राला लागायचा, एखाद्या वाक्याला नाही. दादा, मिशीतल्या मिशीत हसू नकोस. दादा, डोळे वटारू नकोस. दादाला मिशी मीच दिली.

आणि मग एका संध्याकाळी प्रसारण संपवून बाहेर पडते, तर फाटकाशी एक काकू उभ्या. हातात कागदात बांधलेलं काहीतरी. उंची बघूनच ओळखलं, बांबूची आई.

"तू चिमणी ना? आवाजावरून कळलं. मघाशी पहारेकऱ्याशी बोलत होतीस." त्यांनी माझा दंड धरला. "हे त्याला देशील? धुतलेला शर्ट आहे. किती दिवस एकाच शर्टात असेल गं. इथेच झोपतो का तो?"

मला काही म्हणजे काहीच कळेना. "कोण, काकू?"

"कोण काय? तुझा दादा! मी चौकशीच्या खिडकीवर गेले होते. म्हटलं, मुलगा घरी येत नाही, बेपत्ता लिहून घ्या. तर साहेब माझ्यावरच ओरडले, 'अहो बाई, तुमचा मुलगा रोज संध्याकाळी रेडिओवर चालतो. अख्खा देश ऐकतो. आणि तुम्ही बेपत्ता काय म्हणता?' घरी येऊन कान देऊन ऐकलं, तर खरंच की. ती पट्टी मीच मारून घेतलीय, मी चुकेन का?" त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्याशी का बोलत नाही गं तो? काही भांडण झालंय का तुमचं?"

मी तोंड उघडलं, आणि निघाला तो आवाज चिमणीचा. मधातला. "नाही हो काकू, मजेत आहे तो. काम फार असतं ना."

शर्ट मी घेतला. घेऊन घरी आले. रस्ताभर तो शर्ट छातीशी धरून चालत होते आणि मला कळत नव्हतं की मी आत्ता एका बाईला सुखी केलं की बुडवलं.

आई पोळलेलं बोट तोंडात धरून इस्त्री करत होती. तिला सगळं सांगितलं.

"तू यात पडू नकोस," ती लगेच म्हणाली. थोड्या वेळानं इस्त्री उभी करून ठेवली. "त्या बाई आता खिडकीवर जातात का?"

"नाही. फाटकावर येतात."

"म्हणजे त्या पोराला कुणीच शोधत नाहीये."

"मग सांगू का त्यांना?"

"मी कुठे सांग म्हटलं?"

"मग नको सांगू?"

"भोंग्या, मला विचारू नकोस. मला तू पण हवी आहेस," आई म्हणाली, आणि बाबांच्या शर्टाची आधीच झालेली बाही पुन्हा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर लवकरच स्टुडिओत गेले. आवाजकाका एकटेच होते. बांबूचे बूट मांडीवर घेऊन पॉलिश करत होते. माणसाच्या बुटाला करावं तसं, प्रेमानं.

"काका, त्याच्या आईला वाटतंय की तो इथेच आहे."

"आहेच की."

"काका!"

"काय काका? ओरडू नकोस. मी हे खाली ठेवले तर संपला तो. मग तो नव्हताच कधी. माझ्या आधीच्या आवाजवाल्याचं आज कुणी नाव घेतं का? मी याला रोज जेवायला घालतो, जिना चढवतो. तुला काय वाटतं, मी हे बाईंसाठी करतो?"

"पण तुम्ही चालवता म्हणून चौकशीवाले म्हणतात की तो आहे, आणि आहे म्हणतात म्हणून कुणी शोधत नाही."

काकांनी ब्रश थांबवला. "हे माझ्या डोक्यात आलं नाही," म्हणाले. मग चिडले. "आणि तू रोज 'मान डोलावतोस' म्हणतेस ते? मिशी कुणी दिली?"

काका चहा आणायला खाली गेले. बूट तिथेच होते. काकांनी ते मुद्दाम ठेवले की विसरले, मला आजही सांगता येणार नाही. मी दप्तरातली पुस्तकं काढून खडीच्या परातीत ठेवली, बूट दप्तरातल्या शर्टाशेजारी कोंबले आणि पळाले.

काकूंची खोली तिसऱ्या मजल्यावर, शिवणयंत्राला लागून पलंग, पलंगाला लागून रेडिओ. त्या कुणाचा तरी कोट उसवत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, "दिलास शर्ट? काय म्हणाला?"

वाटेत मी केवढं मोठं भाषण तयार केलं होतं! एक शब्द आठवला तर शपथ. शेवटी मी दप्तरातून बूट काढले, माझ्या पायांत घातले, आणि त्या खोलीत पलंगापासून दारापर्यंत चालले. मला काकांसारखं येत नाही. तरी पट्टी पट्टीच असते. टप्, सर्र.

काकू उभ्याच्या उभ्या राहिल्या. मला वाटलं रडतील, किंचाळतील, मला मारतील. कादंबरीत असतं तसं काहीतरी. त्या खाली बसल्या, माझ्या पायांतले बूट एकेक करून काढले, उलटे करून तळ बघितले.

"हे इथे आहेत," त्या म्हणाल्या, "म्हणजे तो गेला काय घालून?"

"सपाता. कापडी."

"सपाता?" त्यांचा आवाज चढला. "या थंडीत? फरशीवर? त्याला लगेच सर्दी होते!" आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच त्याला बूट न घालता बाहेर सोडलं होतं. "चल. ऊठ. आधी हे पोचवायला हवेत."

"काकू, पण चौकशीवाले तर..."

"चौकशीला कोण चाललंय? मी सामानाच्या खिडकीवर जाणार."

आमच्या शहरात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चौकशीच्या खिडकीवर उत्तरं मिळत नाहीत. तुरुंगाच्या सामानाच्या खिडकीवर मात्र कपडे, साबण असं काही दिलं की आतला माणूस यादी बघतो. सामान परत ढकललं तर तुमचं माणूस तिथे नाही. मग कुठे आहे ते विचारायचं नाही. आणि सामान घेतलं तर ते तिथे आहे. आहे आणि जिवंत आहे. आपला मुलगा रेडिओवर चालतोय असं समजणारी आई त्या खिडकीवर जाईलच कशाला?

रांग लांबलचक होती. पुढची म्हातारी मोज्यांचं पुडकं घेऊन आली होती, तिचं परत ढकललं. ती बाजूला झाली आणि मोजे पिशवीत घालायला लागली, तर तिला पिशवीचं तोंडच सापडेना. मी ते धरून दिलं. मग आमचा नंबर.

"काय आहे?" खिडकीमागचा माणूस.

काकूंनी मला पुढे ढकललं. म्हणून मी बोलले. "बूट आहेत. आणि एक शर्ट." बांबूचं पूर्ण नाव सांगितलं.

त्या माणसानं झटकन मान वर केली. "अरे! चिमणी!" त्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. "तू चिमणी ना? माझी मुलगी जेवत नाही तुझ्याशिवाय! काय गं, दादाला सांग ना, पुरे झालं आता, बोल म्हणावं! किती दिवस रुसणार?"

"हे त्याचेच बूट आहेत," मी म्हटलं.

"कुणाचे?"

"दादाचे."

तो हसला. मग हसू थांबलं. त्यानं बूट फिरवून पट्टी बघितली आणि नखानं सहज वाजवली, टप्. मी शपथेवर सांगते, त्याला तो आवाज ओळखू आला.

"मग रोज चालतं ते कोण?"

"आवाजकाका. हातांनी."

तो माझ्याकडे बघतच राहिला. फसवल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा. मला त्याचीही दया आली, आणि का आली म्हणून रागही आला. मग तो बूट आणि शर्ट उचलून आत गेला.

आम्ही थांबलो. मागचे लोक कुरकुरायला लागले. काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटं सुन्न झाली. मी मनात म्हणत होते, घे, घे, घे. आणि एकदम लक्षात आलं की मी काय मागतेय! बांबू आत असू दे, हे मागतेय.

तो परत आला. हात रिकामे. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "पुढचं कोण?"

"घेतले?" काकू.

"घेतले ना. हला, रांग आहे मागे."

"घेतलं! घेतलं!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि ओळख ना पाळख असलेली माणसं काकूंचे हात हातात घ्यायला लागली. परीक्षेत पहिला आल्यासारखं अभिनंदन. मोज्यांवाल्या म्हातारीनंसुद्धा काकूंच्या गालावर हात ठेवला. काकू हसत होत्या, मी हसत होते, आणि रस्त्यावर आल्यावर माझ्या डोळ्यांतून पाणीच पाणी. मुलगा तुरुंगात आहे म्हणून कुणी हसतं का? पण आम्ही हसत होतो. हे कुठल्या नाटकात घालायचं?

"आता तू पळ," काकू म्हणाल्या. "तुझी वेळ झाली."

पळाले. जिन्यात घामाघूम. दाराशी बूट फेकले, सपाता घातल्या, आत. बाई काचेमागून डोळे वटारत होत्या. आवाजकाका त्यांच्या कोपऱ्यात, फळीसमोर रिकाम्या हातांनी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. लाल दिवा लागला.

नाटकातली आई म्हणाली, "चला, जेवायला बसा." ताटल्यांचा आवाज झाला. बाबा आले, त्यांचे जड बूट. मी आले, उड्या मारत. आता दादा यायचा होता. मंजूर कागदावर तसं लिहिलं होतं.

काही आलं नाही. काकांनी हात मांडीवर ठेवले होते. त्यांच्याकडे दुसरे बूट ढीगभर होते, पण त्यांनी एकाला हात लावला नाही. रेडिओवर शांतता फार मोठी असते. बाई काचेपलीकडे हात नाचवत होत्या, बोल, बोल, काहीतरी बोल! माझी ओळ होती, 'दादा, तोंड फुगवून बसू नकोस.' ती माझ्या जिभेवर होती, रोजच्यासारखी सोपी. मी म्हटलं, "दादा आज आला नाही."

मला वाटलं आता संगीत लागेल. पण नाटकातल्या आईनं, ती रोज ठरलेलं एक अक्षरही इकडचं तिकडे न करणारी बाई, तिनं विचारलं, "का गं? कुठे गेलाय?" तिच्या कागदावर हे नव्हतं. विचारून झाल्यावर तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला.

उत्तर चिमणीला माहीत नव्हतं. मलाही फारसं माहीत नव्हतं.

"ते नाही माहीत," मी म्हटलं. आवाज माझाच निघाला, भोंग्याचा. "पण त्याचे बूट पोचलेत. घेतले त्यांनी."

नाटकातली आई खुर्चीत बसली. तो खुर्चीचा आवाज खरा होता, काकांनी काढलेला नव्हता. बाबांनी पुढची ओळ सुरू केली, उद्याच्या पुलाबद्दलची, आणि मी माझ्या कागदावर पुढची जागा शोधायला लागले.